बसून आणलेला आकडा

ही गोष्ट लघवीपासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. ज्यांना असलं वाचवत नाही त्यांनी पान उलटावं.

आमचं गाव बीबीपासून दीड कोस आत. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही हकीकत. घरात आम्ही तिघं होतो: माझे यजमान, मी आणि माझे थोरले दीर. मुलं शिकायला बाहेर, सासू-सासरे केव्हाच गेलेले, आणि जाऊबाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती. मी गावच्या शाळेत शिकवत होते आणि उरलेल्या वेळात घर चालवत होते. कधी कधी उलटही असायचं.

थोरल्या दिरांचा उल्लेख घरात सगळे 'मोठे' असाच करत. साठीला आलेले, उंच, पाठ ताठ, तरुणपणी कुस्ती केलेले. आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मोठ्यांना बाजारात न्यायचे. ते बैलाभोवती एकदा फिरत, वशिंडावर थाप मारत, चार पावलं चालवून बघत आणि "घ्या" किंवा "राहू द्या" एवढंच म्हणत. त्यावर कुणी का म्हणून विचारत नसे. त्यांच्याकडे चामड्याच्या सीटची एक काळी सायकल होती. शेत असो, बाजार असो, ते तिच्यावरूनच जात.

माझ्याशी ते कधी बोलले नव्हते. भांडण नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. बावीस वर्षं आम्ही ती पाळली. सासूबाई आणि जाऊबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत काम चाललं. त्या गेल्यावर आम्ही भांड्यांवर आलो. ते दारात एकदा खाकरले की मी आत सरकायची. दोनदा खाकरले की चहा. ताट मांडलं की मी तांब्या जमिनीवर आपटायची. खाकरण्यात आणि आपटण्यात न बसणारं सगळं यजमानांमार्फत जायचं, आणि यजमान निरोप पोचवण्याच्या कामाचे अजिबात नव्हते. माणूस सज्जन, पण लाजाळू. थोरल्या भावासमोर त्यांची मान वर होत नसे. मी सांगितलेल्या चार गोष्टींपैकी भावाला रुचतील अशा दोन ते पोचवत आणि उरलेल्या दोन स्वतःपाशी ठेवून घेत. शेंगदाणे संपले, छप्पर गळतं, असल्या निरोपांत यानं फारसं बिघडत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मोठे वारंवार गोठ्यामागे जाऊ लागले. दोनदा खाकरून चहा मागवायचे आणि चहा होईपर्यंत तिकडे गेलेले असायचे. चहा निवायचा. परत आले की मी तो पुन्हा तापवायची, आणि तापेपर्यंत ते पुन्हा गेलेले असायचे. तिथे उभे राहायचे ते इतका वेळ की वासराचं पिऊन व्हायचं. महिनाभर हे बघितल्यावर मी यजमानांना म्हटलं की त्यांना जालन्याच्या सर्जनकडे न्या. हा निरोप पोचायला आणखी तीन आठवडे गेले.

शेवटी दोघं भाऊ गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मोठे सरळ गोठ्यात शिरले आणि यजमान स्वयंपाकघरात येऊन बसले. आधी दोन पेले पाणी प्याले, मग सांगू लागले. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात, ती वाढली आहे. डॉक्टरांनी बोट घालून तपासली. बोट कुठून घातलं ते यजमानांनी आढ्याकडे बघून सांगितलं. एका जागी त्यांच्या हाताला टणक लागलं आहे. तेव्हा रक्त तपासून आजाराचा आकडा बघायला हवा, पण आज नाही, कारण नुसती ग्रंथी दाबली तरी रक्तातला आकडा वाढतो. आठ दिवसांनी यायचं. आकडा चारच्या आत आला तर औषधगोळी. फार वर गेला तर कॅन्सर पसरलाय असं धरायचं आणि ऑपरेशन करायचं.

"कशाचं? त्या ग्रंथीचं?" मी विचारलं.

यजमानांनी नकारार्थी मान हलवली. दारातून समोरचा गोठा दिसत होता आणि दावणीला आमची बैलजोडी रवंथ करत बसली होती. तिकडे बघत ते म्हणाले, "त्यायचं केलं होतं ते."

मला कळलं. त्या आजारावर त्या काळी हाच मोठा उपाय होता. पुरुषाच्या अंगातल्या ज्या रसावर तो आजार पोसतो त्याचं मूळच काढून टाकायचं. डॉक्टरांनी हे मोठ्यांना समोर बसवून नीट सांगितलं होतं, आणि त्यांना ते दोनदा सांगावं लागलं नसणार. गावातले किती गोऱ्हे त्यांच्या देखरेखीखाली बडवून बैल केले गेले असतील याचा हिशोब नव्हता. कोणता, कधी आणि कुणाच्या हातून, हे सगळं तेच ठरवत.

"आणखी काही म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"नाही," यजमान म्हणाले आणि पेल्यात बघत राहिले. मी त्या बघण्याकडे लक्ष द्यायला हवं होतं. पण भाकरी करपत होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्यांनी भावाला ओट्यावर बसवून आपला विचार सांगितला. मी दाराआड उभी राहून ऐकला. बैल बाजारात न्यायचा तर आठ दिवस आधी त्याला दावणीला ठेवत नाहीत. गाडीला जुंपतात, पळवतात, घाम काढतात, पेंड चारतात. उभ्या जनावराचं रक्त दाटतं, अंगातली घाण अंगातच राहते, आणि पारखी माणसाला ते डोळ्यात दिसतं. माणसाचं वेगळं काय असणार?

"रक्त पाहणार हायेत ना ते? मंग रक्त तयार कराले नको?" मोठे म्हणाले. यजमान हो म्हणाले. ते नेहमीच हो म्हणत.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. व्यायामानं रक्त शुद्ध होतं, असं मी स्वतः शाळेत फळ्यावर लिहीत होते. त्यामुळे पुढे जे झालं त्यात फक्त यजमानांना बोल लावून मला मोकळं होता येत नाही.

मोठे पहाट फुटली की सायकल काढायचे आणि सुलतानपूरच्या रस्त्याला लागायचे. उन्हं चढायच्या आत परत. मग परसात जोर आणि बैठका. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच ते चालायचं, त्यामुळे मला मोजदाद ऐकू यायची. पस्तीसपर्यंत आकडे भराभर येत. चाळिशीत ते सुटे सुटे व्हायचे, आणि एकोणपन्नास व पन्नास यांच्यामध्ये माझी एक भाकरी भाजून व्हायची. पन्नासाचे पुढे साठ झाले. यजमानांकडून बदाम मागवले गेले. एकदा मोठे दारात तीनदा खाकरले. हे नवीन होतं. मी चहा दिला, तो परत आला. पाणी दिलं, तेही परत आलं. दुसऱ्या दिवशी शोध लागला की तीनदा म्हणजे दूध.

गावाला कारण माहीत नव्हतं. ते सांगण्यासारखंही नव्हतं. पण साठीचा विधुर माणूस एकाएकी जोर मारू लागला, बदाम खाऊ लागला आणि पहाटे सायकलवरून सुलतानपूरला जाऊ लागला, याचा गावानं जो अर्थ लावला तो तसा चुकीचा म्हणता येणार नाही. विहिरीवर बायकांनी मला सरळ विचारलं की सुलतानपूरची आहे का. मी म्हटलं, कोण? त्या हसल्या. चार दिवसांनी बीबीहून यजमानांची एक लांबची आत्या एसटीनं आणि पुढे पायी तंगडतोड करत आली. पाटाचं स्थळ घेऊन. बाई विधवा आहे, चाळिशीची आहे, अंगानं धट्टीकट्टी आहे, आणि मोठ्यांची तयारी जोरात आहे असं ऐकलं म्हणून आपण आलो, असं ती म्हणाली.

"कशाची तयारी?" मी विचारलं.

"आता बाई, तुले मी सांगू का?" आत्या म्हणाली आणि दोन कप चहा पिऊन गेली. मी तिला धड हो म्हटलं नाही आणि धड नाहीही. काय सांगणार होते?

रक्त द्यायच्या दिवशी मोठे बीबीला एसटीत बसले नाहीत. बसून गेलं तर वाटेतच रक्त दाटेल. म्हणून ते थेट दुसरबीडपर्यंत सायकलवर गेले, तिथे चहाच्या दुकानात सायकल ठेवली, आणि मागून एसटीनं आलेल्या यजमानांबरोबर जालन्याला पोचले. सकाळी रक्त दिलं, दुपारी आकडा मिळाला. सात.

डॉक्टर म्हणाले की एका आकड्यावर काही ठरवायचं नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. मोठ्यांनी त्यातून एवढंच घेतलं की आपली मेहनत कमी पडली. पहिल्या बाजारात नापास झालेला बैल दुसऱ्या बाजारात खपतो, मध्ये त्याच्यावर कष्ट घ्यावे लागतात. त्यांनी ते घेतले. सुलतानपूरच्या एका फेरीच्या दोन केल्या. कॅरिअरवर पेंडीचं पोतं बांधलं. सीटवर जाऊबाईंनी कधीकाळी शिवलेली छोटी गादी होती, ती घाम शोषते म्हणून काढून टाकली. भिंतीपलीकडचे आकडे शंभरावर गेले. मी दूध वाढवलं.

पंधरा दिवसांनी आकडा आला साडेनऊ.

आता डॉक्टरांनी थांबायचं कारण नव्हतं. पुढच्या सोमवारी भरती व्हायच्या तयारीनं या, असं त्यांनी सांगितलं. यजमानांनी हे मला सांगितलं. मोठ्यांनी व्यायाम चालू ठेवला. पण त्या आठवड्यात शेजारच्या गावचे दोघं त्यांना बाजाराला न्यायला आले. दुसरबीडच्या बाजूला एक खोंड बघून ठेवला होता. मोठे ओट्यावरून उठले नाहीत. "दुसरा कोणी पाहा आता," म्हणाले. माणसं हटून बसली, काऊन म्हणून दोनदा विचारलं, आणि उत्तर न मिळता गेली. मी दाराआड होते. बैल बघायला मोठे नाही म्हणाले, असं मी त्या घरात आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी आमच्या बैलानं यजमानांच्या पायावर पाय दिला. पाय घोट्यापर्यंत सुजला. सोमवारी मोठ्यांबरोबर कोण जाणार, हा प्रश्न उभा राहिला, आणि घरात उत्तर एकच होतं. मी शाळेत रजेचा अर्ज दिला, एका पिशवीत त्यांची दोन धोतरं, पंचा आणि चार दिवसांचे दशम्या-लाडू भरले आणि बीबीहून एसटीत बसले. मोठे पहाटेच सायकलवर निघाले होते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर कदाचित आणखी एकदा रक्त बघतील, आशेला जागा आहे, असा त्यांचा हिशोब असावा. दुसरबीडच्या स्टँडवर ते एसटीत चढले तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. ते पुढच्या बाकावर बसले, मी मागे. जालन्यापर्यंत कुणाला वाटलं नसतं की आम्ही एका घरचे आहोत.

डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. ते एकीवर बसले. मी दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. डॉक्टर कागद लिहीत होते. मान वर करून मोठ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढा घाम कशाचा?"

"सायकलनं आलो."

"कुठून?"

"घरून. दुसरबीडपरेंत."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "रक्त द्यायला आलात तेव्हाही?"

"तवाबी. आन् त्याच्या आधी रोज." मोठ्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. मग त्यांनी सुलतानपूरच्या फेऱ्या, पेंडीचं पोतं आणि जोर-बैठका, सगळं आकड्यांसकट सांगितलं.

डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या भावाला मी दोन्ही वेळा बजावलं होतं. रक्ताच्या आधी तीन-चार दिवस सायकल बंद आणि बायकोजवळ जायचं नाही. दोन्हींनी हा आकडा वाढू शकतो."

"मले कोणी सांगतलं नाही," मोठे म्हणाले.

मला तिथेच सगळं समजलं. आठ वर्षांपूर्वी बायको वारलेल्या थोरल्या भावाला "बायकोजवळ जाऊ नका" असं माझे यजमान सांगणार? ते मेले असते तरी त्यांच्या तोंडून निघालं नसतं. आणि ते सांगायचं नाही म्हणून त्याच्या शेजारची सायकलही त्यांनी गिळून टाकली होती. दोनदा.

डॉक्टर मग माझ्याकडे वळले, कारण ऐकून ध्यानात ठेवणारी तिथे मीच दिसत होते. ही ग्रंथी सायकलच्या सीटच्या बरोब्बर वर येते, ते म्हणाले. माणूस तासन् तास खड्ड्यांतून सायकल चालवतो तेव्हा ती चेपली जाते आणि तिच्यातलं द्रव्य रक्तात उतरतं. आम्ही तेच द्रव्य मोजतो. जड कसरतीनंही काहींमध्ये फरक पडतो. सगळ्यांचाच आकडा असा वाढतो असं नाही. ह्यांचा आकडा सायकलीनं वाढला की आजारानं, हे आज देवालासुद्धा सांगता येणार नाही. तेव्हा आज ऑपरेशन करत नाही. दहा दिवस सायकल नाही, बैलगाडी नाही, जोर नाहीत. सावकाश चालणं चालेल. मग रक्त.

मला वाटलं मोठ्यांचा जीव भांड्यात पडेल. ते उठून उभे राहिले.

"बसून तं रक्त आणखी दाटते," ते डॉक्टरांना म्हणाले. "कापायचं तं आजच कापा. मी मन करून आलो. पुन्यांदा दहा दिवस वाट पाहणं मले होत नाही."

डॉक्टर समजावू लागले. मोठे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे. बैलाच्या बाबतीत "राहू द्या" म्हणाल्यावर ते असेच उभे राहत, आणि मग कुणाचं चालत नसे. खोलीत यजमान नव्हते, तांब्या नव्हता, आपटायला काही नव्हतं. बावीस वर्षांत मी त्यांना हाकच मारली नव्हती, त्यामुळे काय म्हणून हाक मारावी तेही मला माहीत नव्हतं. मी हाकेशिवायच बोलले.

"दोनदा राबवून पाहिलं, दोनदा वाढला. आता एकदा बसवून पाहू. नाहीच उतरला तर सुरी काही पळून जात नाही."

मोठ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण कॅलेंडरवरून त्यांची नजर हलली आणि टेबलावर आली. मग माझ्या दिशेला हात करून ते डॉक्टरांना म्हणाले, "यायले सांगा, दहा दिवस बसतो. अकरावा बसणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली आणि गंभीरपणे सांगितलं, "ते दहा दिवस बसतो म्हणतात. अकरावा नाही."

"ऐकलं," मी म्हटलं.

येताना दुसरबीडला सायकल एसटीच्या टपावर चढवली. घरी यजमान मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसले होते. मी पिशवी ठेवली आणि विचारलं की डॉक्टरांचा निरोप कुठे गेला. त्यांनी आधी पायाकडे, मग घमेल्याकडे बघितलं.

"दादाले कसं सांगू ते? वहिनी जाऊन आठ वर्षं झाली."

"मग ते नका सांगू. सायकलीचं तर सांगायचं."

"दोन्ही संगंच सांगतलं होतं डॉक्टरनं," यजमान म्हणाले. "एक तोडून कसं काढू?"

भावाचं काय होणार होतं, हे त्यांच्या ध्यानात तेव्हा आलं असावं. ते रडले. मी घमेल्यात गरम पाणी घातलं आणि भाकऱ्या करायला गेले.

दहा दिवस फार मोठे असतात. पहिलं काम म्हणून मी सायकलच्या दोन्ही चाकांतले व्हॉल्व्ह काढून तूरडाळीच्या डब्यात ठेवले. मोठ्यांना ओट्यावर दुहेरी घडी घातलेल्या गोधडीवर बसवलं. पहिल्या दिवशी ते पाहुण्यासारखे बसले. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बैलाची चूक काढली. तिसऱ्या दिवशी मी बियाण्याच्या शेंगा फोडायला त्यांच्यापुढे पोतं ओतलं. त्यांनी ते संपवलं, मग शेजाऱ्यांच्या शेंगा मागवून त्याही फोडल्या. गावानं आता नवा अर्थ लावला: म्हातारा आजारी आहे, व्यायाम अंगावर आला. आत्या बीबीहून पुन्हा आली, ओट्यावर गोधडीत बसलेल्या मोठ्यांना लांबूनच न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की त्या बाईला दुसरीकडचं स्थळ आलं आहे. चहा या खेपेला एकच कप प्याली.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं. एकदा बोलून झालं आहे, आता पुन्हा तांब्या आपटत बसण्यात तांब्याचं नुकसान. मी सरळ बोलू लागले: जेवण वाढलंय, औषध घ्या, उठू नका. मोठे उत्तर भिंतीला देत. भिंतीला त्यांनी एकदा सांगितलं की वरणात हिंग कमी झालं. मी भिंतीला सांगितलं की उद्या बघू. अर्धी रीत मी मोडली आणि अर्धी ते पाळत राहिले, त्यात दोघांचीही सोय होती.

सातव्या दिवशी शाळेतून आले तर ओटा रिकामा. गोठ्याच्या आडोशाला मोठे सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे होते. मला बघून ते सायकलला म्हणाले, "नुसती पुसून राह्यलो होतो." हातात फडकं नव्हतं. हवा नसलेली चाकं जमिनीला टेकली होती. ते आपोआप ओट्यावर जाऊन बसले.

अकराव्या दिवशी आम्ही दोघं बीबीपर्यंत चालत गेलो, ते पुढे, मी वीस पावलं मागे. एसटीत मी त्यांच्याखाली गोधडी घातली. सकाळी रक्त दिलं. आकडा तीनला मिळणार होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांब बाक होतं, त्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी. मध्ये भरतीची पिशवी. त्या चार तासांत मोठे तीनदा उठून गेले आणि तीनदा परत आले. दशमी काढून दिली तर "नंतर" म्हणाले, पिशवीला.

तीन वाजता डॉक्टरांनी बोलावलं. कागद हातात होता. ते मोठ्यांना म्हणाले, "तीन."

मोठ्यांना वाटलं वाजले ते सांगतायत. "हाव, वाजले," ते म्हणाले.

"आकडा तीन आहे. चारच्या आत."

मग डॉक्टरांनी त्यांना आत नेऊन पुन्हा तपासलं. बाहेर आल्यावर मला सांगितलं की टणक वाटलेली जागा वाढलेली नाही आणि या आकड्यावर ऑपरेशन करणं बरोबर नाही. वयानं ग्रंथी वाढलीच आहे, लघवीचा त्रास राहील, त्याला गोळ्या देतो. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला आणा, आणि आणताना कसं आणायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

मोठे धोतर सावरत उभे होते. ते खूश दिसत नव्हते.

"पण हा बसून आणलेला आकडा," ते डॉक्टरांना म्हणाले. "मेहनतीचा साडेनऊ होता. खरा कोणता धरायचा?"

"बसून आणलेला," डॉक्टर म्हणाले.

मोठ्यांनी मान हलवली. डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांच्याशी वाद नको, अशी. मग आम्ही व्हरांड्यात आलो. मी पिशवी उचलली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग, पहिल्यांदाच, माझ्याकडे.

"एवढं सामान आणलं. मी राह्यतो इथं, असं वाटलं होतं का तुमाले?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हटलं.

"मलेबी," ते म्हणाले, आणि स्टँडकडे चालू लागले.

एसटी भरून आली होती. आत एकच जागा होती, खिडकीची. मी त्या जागेकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. इतकी वर्षं घरातल्या बायकांना जागा देणारा तो माणूस माझ्यापुढून सरकून तिथे जाऊन बसला.

"डॉक्टरनं मले बसाले सांगतलं हाये," ते मला म्हणाले.

दुसरबीडपर्यंत मी उभी होते.